गेन वाढवण्याआधी माइक जवळ घ्या

घरी आवाज रेकॉर्ड करणाऱ्यांना 'गेन (माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) पूर्ण फिरवला की खरखर येते, म्हणजे प्रीअँप (तो सिग्नल वाढवणारं उपकरण) बदला' असा सल्ला दिला जातो, तो मला घाईचा वाटतो. शुअर एसएम७बी सारख्या, कमी सिग्नल देणाऱ्या डायनॅमिक माइकला साधारण 60 डेसिबल गेन लागतो, तिथे छोट्या प्रीअँपचा दम संपतो हे खरं. पण माइक तोंडापासून 20 सेंमीवरून 5 सेंमीवर आणला की 12 डेसिबल फुकट मिळतात, शिवाय बाहेरच्या रहदारीचा आवाजही तेवढाच मागे पडतो. माइक तोंडासमोर सरळ न धरता जरा तिरका ठेवा, नाहीतर 'प', 'फ'चे फटके बसतात.

खरखर नसून सलग घूंऽऽ येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर दहा सेकंद शांतता रेकॉर्ड करा. आवाज गेला तर गडबड चार्जर-अर्थिंगची, प्रीअँपची नाही.