अनुभव धागा : एका घरातले फौजी पुरुष आणि त्यांचा माग (मराठवाडा)

पणजोबा बसऱ्याला गेले होते, त्यांचा पुतण्या बर्मात होता, आणि धाकटा भाऊ 'निजामाच्या मिलिटरीत' होता. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत माहिती एवढ्यावरच थांबते. पलटण माहीत नाही, नंबर माहीत नाही, साल तर नाहीच. ज्यांना हे तोंडपाठ होतं ती पिढी संपत आली, म्हणून हा धागा. एका घरातल्या सगळ्या फौजी पुरुषांचा माग काढायचा तर कागद कुठे असतात, ते वाचायचे कसे आणि कुठे फसायला होतं, हे या कामातल्या जाणत्यांनी लिहावं. घराण्याची कहाणी नको, रीत हवी.

धाराशिवहून

पहिला प्रश्न 'कुठली पलटण' हा नाही, 'कुणाची फौज' हा आहे. 17 सप्टेंबर 1948पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे एकाच वाड्यातले दोन भाऊ दोन वेगळ्या सरकारांचे शिपाई असू शकतात, एक इंग्रजांच्या हिंदी सैन्यात आणि दुसरा हैदराबादच्या संस्थानी फौजेत. दोघांचे कागद वेगळ्या गावी, वेगळ्या भाषेत, वेगळ्या सनावळीत. हे आधी ठरवलं नाही तर वर्ष-वर्ष चुकीच्या दारात उभं राहावं लागतं.

सगळ्यात मोठा चकवा 'हैदराबाद' या नावाचाच. 19वी हैदराबाद रेजिमेंट निजामाची नव्हे, इंग्रजांची. तिचं मूळ हैदराबाद कंटिन्जंटमध्ये. ही फौज निजामाच्या खर्चाने चालायची, पण हुकूम इंग्रज अंमलदारांचा. तिच्या छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला होत्या. 1903मध्ये कंटिन्जंट हिंदी सैन्यात मिसळली, 1922मध्ये तिच्या पायदळाची 19वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि 27 ऑक्टोबर 1945ला तिचं नाव कुमाऊं रेजिमेंट झालं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिची भरती कुमाऊंनी, अहीर, जाट अशी उत्तरेकडची झाली होती. म्हणून त्या काळातला आपल्याकडचा माणूस 'हैदराबाद इन्फंट्री'त होता असं निघालं, तर आधी संस्थानी फौज तपासा. घोळ वाढतो तो दोन्ही मलायात असल्यामुळे. संस्थानाची पहिली हैदराबाद इन्फंट्री डिसेंबर 1941मध्ये कोटा भारूच्या विमानतळावर होती, तर 19व्या रेजिमेंटची चौथी पलटण 12व्या ब्रिगेडमध्ये.

'रिसाल्यात', म्हणजे घोडदळात, 'होते' म्हणत असतील तर तिथेही हाच पेच. डेक्कन हॉर्स इंग्रजांची. तिची 20वी रेजिमेंट 14 जुलै 1916ला फ्रान्सातल्या सोमच्या लढाईत हाय वुडला होती. हैदराबाद लान्सर्स मात्र संस्थानचे, ते 15व्या इम्पीरियल सर्व्हिस घोडदळ ब्रिगेडमधून इजिप्त-पॅलेस्टाइनला गेले. घरात 'फ्रान्स' हा शब्द टिकला असेल तर डेक्कन हॉर्सकडे वळा. उलटं मात्र धरू नका : 1918मध्ये डेक्कन हॉर्सही पॅलेस्टाइनला गेली, त्यामुळे नुसतं 'मिसर', म्हणजे इजिप्त, ऐकून लान्सर्स ठरत नाहीत.

जालन्याहून

कागद नसला तरी पेटीच्या तळाशी मेडल असतं, आणि त्यावर बहुतेक सगळं कोरलेलं असतं. लोक समोरचा राजा बघतात आणि ठेवून देतात. बघायची ती कड.

पहिल्या युद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल 36 मिलिमीटर व्यासाचं, गोल, चांदीचं. राजा दाढीवाला, म्हणजे पाचवा जॉर्ज. दुसऱ्या युद्धाच्या मेडलवर बिनदाढीचा सहावा जॉर्ज. एवढ्यावरून युद्ध ठरतं. मेडल बोटांत आडवं धरा आणि सकाळच्या तिरप्या उन्हात हळूहळू फिरवा. कडेवर क्रमाने नंबर, हुद्दा, नाव, पलटण अशी इंग्रजी अक्षरं दिसतील. पुसट असतील तर पतंगाचा पातळ कागद कडेवर ताणून मऊ पेन्सिल आडवी फिरवा, अक्षरं कागदावर उमटतात. चिंच, राख, पॉलिश अजिबात लावू नका. नंबरातला 3 आणि 8 एकदा घासला गेला की माग संपला. सोनाराने गळ्यात घालायला कडी डागली असेल तर डागाखालची दोन-तीन अक्षरं गेलेली असतात. अशा वेळी त्याच माणसाचं दुसरं मेडल शोधा, नंबर तोच असतो.

वॉर मेडल चांदीऐवजी कांस्याचं असेल तर तो माणूस मजूर तुकडीत किंवा इतर बिगरलढाऊ कामावर होता. त्यांचाही माग तितक्याच आस्थेने काढावा. खंदकापर्यंत दाणागोटा त्यांनीच पोचवला.

पहिल्या युद्धाच्या मेडलवर 1922पूर्वीचे आकडे येतात, आणि आजच्या नावाशी ते जुळत नाहीत म्हणून लोक गोंधळतात. 103 म्हणजे नंतरची 5व्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, 105 दुसरी, 110 तिसरी, 116 चौथी, 117 पाचवी आणि 114 दहावी. या पलटणींत मराठ्यांबरोबर दखनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. आपल्याकडच्या मुस्लिम घरांनी 'मराठा रेजिमेंटशी आपला काय संबंध' म्हणून मेडल बाजूला टाकू नये. महार घरांत 111 हा आकडा निघाला तर ती 1917ला उभारलेली आणि 1921ला मोडलेली 111वी महार पलटण. दुसऱ्या युद्धातली महार रेजिमेंट 1 ऑक्टोबर 1941ला बेळगावात नव्याने उभी राहिली.

दुसऱ्या युद्धातले स्टार, म्हणजे एकेका मोहिमेची चांदणीच्या आकाराची पदकं, हिंदी शिपायांना नाव कोरून दिलेले आहेत, ते पाठीमागे बघा. त्यावर सहसा रेजिमेंटच असते, पलटणीचा आकडा नसतो. मग स्टारवरून मुलूख ठरवायचा. मराठा रेजिमेंटपुरतं सांगायचं तर पहिली आणि तिसरी पलटण इटलीत लढली, चौथी मार्च 1944मध्ये मणिपुरात सांगशाकला होती, आणि दुसरी 21 जून 1942ला लिबियातलं टोब्रुक पडलं तेव्हा कैद झाली.

नांदेडहून

संस्थानी फौजेचे कागद उर्दूत, बहुधा शिकस्ता, म्हणजे घाईच्या मोडत्या वळणाच्या लिपीत, आणि तारीख फसली, म्हणजे निजामाच्या सरकारी सनाची. नुसती उर्दू येते म्हणून शिकस्ता वाचता येत नाही. जुने दस्त वाचणारा माणूस गाठा, तोही आता तालुक्याला एखादाच उरलाय.

फसली सनाचं गणित नीट करा. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्याने सुरू होतं. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या तारखेला 590 मिळवायचे आणि जानेवारीपासूनच्या तारखेला 591. कागदावर 'दय 1354 फ.' असेल तर दय हा दुसरा महिना, म्हणजे 1944चा नोव्हेंबर. 'तीर 1354' असेल तर 1945चा मे. सरसकट 590 मिळवणाऱ्यांचं अख्खं वर्ष चुकतं, आणि मग वाटतं कागद खोटा आहे. कागद खरा असतो.

निजामकाळाचं मूळ दप्तर हैदराबादला तेलंगणाच्या राज्य अभिलेखागारात आहे. जाण्याआधी माणसाचं नाव, वडिलांचं नाव, गाव आणि तेव्हाचा जिल्हा उर्दूत लिहून न्या.

परभणीहून

जो परत आलाच नाही त्याचा शोध तुलनेने सोपा आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 आणि 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळातले मृत सैनिक आहेत. जिवंत परतलेला माणूस तिथे मिळणार नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

आडनावाने शोधू नका. अनेक शिपायांचं एकच नाव नोंदलेलं आहे, आणि कारकुनाने ते कानाला आलं तसं लिहिलंय. जाधवच्या शेवटी व्ही नसून ओ असतो, शिंदेत डी आणि एच जागा बदलतात. त्यापेक्षा 'अधिक माहिती'च्या रकान्यात गाव टाका. तिथे 'अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, राहणार अमुक' असं सापडतं. जिल्ह्यांची स्पेलिंगं जुनी : बीडचं 'भीर', नांदेडचं 'नांदेर'. आणि सापडलं की लगेच हरखून जाऊ नका. हैदराबाद सिंधमध्येही आहे, औरंगाबाद बिहारमध्येही आहे. बापाचं नाव आणि तालुका जुळल्याशिवाय माणूस आपला म्हणू नये. पिंपळगाव तर प्रत्येक तालुक्यात आहे.

स्मारक म्हणजे कबर नव्हे. बर्मात गेलेल्यांची नावं रंगूनजवळ तौक्यानच्या स्मारकावर, मलायातल्यांची सिंगापूरच्या क्रांजीला, इराकमधल्यांची नोंद बसऱ्याच्या स्मारकात. बसऱ्याच्या शिळांवर हिंदी शिपायांची नावं कोरलेलीच नाहीत, पलटणीपुढे नुसता आकडा आहे. नावं यादीत आहेत. तेव्हा शिळेच्या फोटोत नाव दिसलं नाही म्हणून माणूस नव्हता असं समजू नका.

लातूरहून

परत आलेल्यांसाठी रेकॉर्ड ऑफिस. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, कुमाऊंचं राणीखेतला. पत्रात सर्व्हिस नंबर नसेल तर उत्तर बहुधा 'माहिती उपलब्ध नाही' असंच येतं, कारण शोध नंबरावर चालतो, नावावर नाही. म्हणून आधी मेडल किंवा डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळणारं पुस्तक), पत्र नंतर.

पेन्शन नसलेल्या माणसाचे कागद साधारण 25 वर्षांनी आणि पेन्शनरचे 50 वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे. पण 'लाँग रोल' नावाची कायमची नोंदवही असते. अर्जात 'सर्व्हिस रेकॉर्ड द्या' असं मोघम लिहू नका, 'लाँग रोलमधल्या नोंदीची प्रत द्या' असं लिहा. एवढ्या एका शब्दाने फरक पडतो. माहिती अधिकारात अर्ज केला तर शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि मेडलच्या कडेचा स्वच्छ फोटो जोडा. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत करा. एका माणसाचा एक अर्ज. तिघा भावांची नावं एकाच कागदावर घातली की तिघांचंही अडकतं.

डिस्चार्ज बुक असेल तर त्यात भरतीची तारीख, उंची, अंगावरची खूण, गाव, तालुका, पोस्ट, बापाचं नाव सगळं सापडतं. पत्त्याचं गाव ओळखीचं नसेल तर तो आपला माणूस नव्हे असं लगेच म्हणू नका. भरती इंग्रजी हद्दीत झाली असेल तर बार्शी, नगर, बुलढाणा अशा बाजूचा, मामाचा किंवा सासऱ्याचा पत्ता दिलेला असू शकतो.

बीडहून

'आजोबा स्वातंत्र्यसैनिक होते' आणि 'आजोबा फौजेत होते' ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाची असतील तर आझाद हिंद सेना तपासा. 15 फेब्रुवारी 1942ला सिंगापूर पडल्यावर कैद झालेल्यांतले बरेच तिकडे गेले. आझाद हिंद सेनेचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर सूची घरबसल्या बघता येते. मात्र आपल्याकडे हैदराबाद मुक्तिसंग्रामातलेही सन्मान पेन्शनर आहेत. ताम्रपट किंवा पेन्शनचा कागद कोणत्या लढ्याचा, हे आधी वाचा.

29 एप्रिल 1916ला इराकमधल्या कुतला कैद झालेल्यांसाठी जिनिव्हाच्या रेड क्रॉसचं पहिल्या महायुद्धाचं दप्तर ऑनलाइन खुलं आहे.

छत्रपती संभाजीनगरहून

पलटण आणि काळ कळला की वॉर डायरी, म्हणजे पलटणीची युद्धातली रोजनिशी, वाचा. मूळ प्रती लंडनमध्ये क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. पहिल्या युद्धाची मालिका डब्ल्यूओ 95. दुसऱ्या युद्धात मध्यपूर्वेची 169, इटलीची 170, बर्मा-मलायाची 172. शिपायाचं नाव त्यात सहसा नसतं, अंमलदारांचीच असतात. पण कुठल्या दिवशी पलटण कुठे होती, किती मेले, किती जखमी, हे रोजच्या रोज लिहिलेलं आहे. जखमेची किंवा मृत्यूची तारीख हाती असेल तर त्या दिवसाचं पान काढा आणि मागचे-पुढचे 15 दिवसही वाचा, कारण जखमी माणूस इस्पितळात काही दिवसांनी गेलेला असू शकतो.

1947नंतरच्या लढायांत गेलेल्यांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकावर आणि त्याच्या संकेतस्थळावर आहेत.

हिंगोलीहून

वरच्या सगळ्या शोधांत आजचा जिल्हा टाकू नका. लातूर 1982पर्यंत उस्मानाबादेत, जालना 1981पर्यंत औरंगाबादेत, हिंगोली 1999पर्यंत परभणीत. आणि उदगीर, निलंगा, अहमदपूरवाल्यांनी 'बिदर' टाकून बघा. हे तिन्ही तालुके 1956पर्यंत बिदर जिल्ह्यात होते.