‘प्रतिहेरगिरी’तला ‘प्रति’ कुठला?

प्रश्न (कराड): काका, स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये ‘काउंटर-इंटेलिजन्स’ला ‘प्रतिहेरगिरी’ म्हटलंय. म्हणजे त्यांनी आपल्याकडे हेर पाठवले की आपणही त्यांच्याकडे पाठवायचे, असंच ना?

उत्तर (सांगली): नाही रे. ‘प्रति’ने गोंधळ केलाय. आपल्याच मुलखात बघ. औंधचे पंतप्रतिनिधी म्हणताना ‘प्रति’ म्हणजे राजाच्या जागी. नाना पाटलांच्या प्रतिसरकारात इंग्रज सरकारला समांतर. ‘प्रतिहल्ला’ म्हणजे उलटून केलेला हल्ला, तू तो अर्थ धरलास. इथे मात्र ‘प्रतिबंधा’तला ‘प्रति’ हवा. परक्यांची हेरगिरी ओळखायची, अडवायची, निकामी करायची.

दुसऱ्यांची गुपितं मिळवणं हे गुप्तचर खात्याचं एक काम, आपली राखणं हे दुसरं. देशाच्या आत हे दुसरं काम मुख्यतः आयबीकडे, म्हणजे केंद्राच्या इंटेलिजन्स ब्युरोकडे, आहे. १९६८ साली रॉ निघाली ती परदेशातल्या माहितीसाठी. हेर पकडला की काम संपलं, असंही नाही. नोकरीत घेतलेल्या माणसाची पडताळणी, कुठला कागद कुणाच्या नजरेला पडावा याचे नियम, हे सगळं त्यातच येतं. आणि सगळ्यात अवघड भाग म्हणजे सापडलेल्या हेराला बेड्या न घालता आपल्या बाजूला वळवायचं, त्याच्याच हातून खोटी खबर धाडायची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या एमआय-५ या देशांतर्गत गुप्तचर संस्थेने जर्मन हेर असेच फिरवले. १९४४च्या जूनमध्ये ब्रिटन-अमेरिकेच्या फौजा फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरल्या, तरी या हेरांच्या खोट्या खबरींमुळे खरा हल्ला फ्रान्समधल्याच कॅलेकडे होणार म्हणून जर्मन वाट बघत राहिले.

अशा दोन्हीकडून पगार घेणाऱ्याला कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘उभयवेतन’ म्हटलंय. ‘दुहेरी हेर’पेक्षा किती नेमका शब्द! तो पुन्हा वापरात यावा असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: मग सरळ ‘हेरगिरीविरोध’ म्हटलं तर?

उत्तर: विरोध मोर्चा काढूनही होतो. ‘हेरप्रतिबंध’ जास्त बरा, पण खोटी खबर पेरणं त्यात बसत नाही. शिवाय धोका बाहेरूनच येतो असं त्यातून वाटतं. १९९४ला अमेरिकेत पकडलेला ऑल्ड्रिच एम्स सीआयएत सोव्हिएत हेरांविरुद्धच्याच कामावर होता, आणि गुपितं त्यांनाच विकत होता. कुंपणानेच शेत खाल्लं.

पेपरात तू ‘प्रतिहेरगिरी’च लिही, रूढ तोच आहे. फक्त व्याख्येची सुरुवात ‘परकीय हेरगिरीपासून’ अशी कर, म्हणजे ‘प्रति’चा अर्थ तिथेच पक्का होईल.