जीएसटी गेला, पण हप्ता?

काही जण म्हणतात, सरकारने आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढला, तेवढं पुरे, बाकी बाजार बघून घेईल. अर्धंच पटतं. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के कर शून्यावर आला, ते चांगलंच झालं. पण मूळ हप्ता कशाने फुगतो तेही बघा की.

आईच्या मोतीबिंदूच्या वेळी काउंटरवरच्या मुलीचा पहिला प्रश्न: "कॅशलेस आहे का?" म्हणजे बिल थेट विमा कंपनी भरणार का. हो म्हटल्यावर मगच तिने दराचा कागद काढला. शेजारचे काका रोख भरणार होते, त्यांच्यासाठी कागद दुसरा आणि आकडा बराच कमी. लेन्स तीच, डॉक्टरही तेच! हा फरक शेवटी आपल्याच हप्त्यात येऊन बसतो.

ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आम्हाला विचारा, असं विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या इर्डाने जानेवारी 2025 मध्ये कंपन्यांना बजावलं. ठीक आहे, पण इर्डाचा हात विमा कंपनीपर्यंतच पोचतो, हॉस्पिटलच्या बिलापर्यंत नाही. तिथे हात घालता येतो हे 2017 मध्ये दिसलंय. औषधलेपित स्टेंटची, म्हणजे हृदयाच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीची, कमाल किंमत सरकारने 29,600 रुपयांवर आणली, त्याआधी तो लाखाच्या घरात जायचा. छातीत कळ आलेला माणूस भाव करत हिंडत नाही, म्हणून ते करावं लागलं.

स्टेंट स्वस्त केला की 'इतर खर्च' वाढवतात, हा आक्षेप मान्य. मग त्या इतर खर्चाचंही दरपत्रक मागू या.