खरी मारामारी झाली तेव्हा कुठली विद्या कामाला आली? अनुभव लिहा

पडवी
काल आमच्या सोसायटीत फुकट डेमो होता. कमिटीतल्या दोघांनी एकमेकांना न विचारता दोन क्लासवाले बोलावले, तेही एकाच रविवारी. तायक्वांदोवाल्या सरांनी कौलं फोडून दाखवली. मग क्राव मागावाल्यांनी (इस्रायलची स्वसंरक्षणाची पद्धत) रबरी सुरा आमच्या वॉचमनकाकांच्या हातात दिला. काका बिचारे सांगतील तसा, सांगतील त्या बाजूने वार करत होते आणि दर वेळी गुडघ्यावर येत होते. तेव्हापासून ग्रुपवर जुंपलीय की ‘खऱ्या फाइट’ला काय चालतं. लेक तेरा वर्षांची आहे, तिला यातलं काय लावायचं हा माझा प्रश्न.

मला मात्र ते बघताना सांगलीचं विसर्जन आठवलं. आतेभाऊ कराटेत ब्राऊन बेल्ट, गल्लीत त्याला मान. पहाटेची वेळ, मिरवणूक अजून चाललेली. कुणा पिऊन आलेल्याने त्याची कॉलर धरली. दादाने पवित्रा घेतला खरा, पण मागे गर्दी, पाय उचलायला जागा नाही, समोरचा कॉलर सोडेना. दोघे तसेच चिखलात गेले आणि नुसती ओढाताण. सोडवलं ते आमच्या दूधवाल्याने. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, कान मोडलेले. त्याने आधी किटल्या सांडणार नाहीत अशी सायकल भिंतीला टेकवली. मग मागून त्या माणसाच्या कमरेला मिठी घातली, उचलला, कुशीवर ठेवला आणि वर बसला. ठोसा एकसुद्धा मारला नाही. म्हशीला चुचकारावं तसं ‘हां, हां, दमा जरा’ एवढंच चाललेलं.

तर तुमचे अनुभव सांगा. पुस्तकी नकोत, घडलेले हवेत.

तांबडा_पांढरा
मोडलेले कान म्हणजे पैलवान, तेव्हाच कळलं पुढं काय होणार. ताई, मागून कमरेला धरलं की कुस्तीत त्याला कब्जा घेतला म्हणायचं.
आमच्या तालमीत पोरगं पहिल्या दिवसापासून जिवंत माणसाशी झटतं. हवेत हातपाय नाहीत. खडाखडी (उभ्याने झटापट), गर्दनखेच, पट (पाय धरून पाडणं), सगळं अंगावर वजन घेऊन. समोरचा ढिला उभा राहत नाही, तो पण तुम्हाला पाडायलाच आलेला असतो. मग रस्त्यावर कुणी ढकललं तर पायच आपोआप बसतात, डोकं चालवावं लागत नाही. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू असतंय म्हणून पडल्यावर लागत नाही. डांबरावर ढाक मारून आपटलं तर समोरचा थेट दवाखान्यात, हे मात्र ध्यानात ठेवायचं.

चहाटळ
वाचतोय. पॉपकॉर्न आणलेत. तायक्वांदोवाले येईपर्यंत थांबतो.

उकेमी
ज्यूदो शिकले कॉलेजात, पुण्यात. मारामारी आयुष्यात एकदाही नाही. तरी विद्या कामाला आली ती पावसात स्कूटर घसरली तेव्हा. हनुवटी छातीला, तळहात न टेकवता खांद्यावरून गोल. स्कूटरचा आरसा गेला, मी उठून साडी झटकली. मागे रिक्षावाला म्हणाला, ‘मॅडम, सर्कशीत होता का?’
आमचे सर पहिले कितीतरी दिवस फक्त पडायला शिकवायचे, तेव्हा कंटाळा यायचा. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये ज्यूदो सुरू केला तो जुन्या जुजुत्सूतले धोक्याचे डाव बाजूला काढून, म्हणजे दोघांना पूर्ण जोर लावून सराव करता येईल असा. तुमच्या तालमीतली खडाखडी म्हणताय तेच झालं की हे.

तांबडा_पांढरा
तेच की. फक्त तुम्ही अंगरखा धरता, आम्ही लंगोट.
पण तुमच्यात पाय धरायला बंदी आली म्हणे?

उकेमी
हो, 2010 नंतर स्पर्धेत पायाला हात लावायचा नाही.

तांबडा_पांढरा
म्हणजे पट काढायचा नाही? मग काय नमस्कार करायचा?

साडेसातची_लोकल
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. दादरचा पूल, संध्याकाळची गर्दी, एकाने मुद्दाम हात लावला. मी त्याचं मनगट धरलं आणि वर उचलून ओरडले, ‘हा हात कुणाचा?’ आजूबाजूच्या बायांनी पुढचं बघितलं. शाळेत शिबिरात मनगट सोडवायचं शिकवलं होतं, अंगठ्याच्या बाजूने झटका द्यायचा वगैरे. मला उलट मनगट धरून ठेवायचं काम पडलं.
घसा ही पहिली विद्या आणि कोपर ही दुसरी. गर्दीत ठोसा मारायला हात मागे न्यायला जागाच नसते, कोपराला वीतभर पुरते.

कोकमसार
कोपराला अनुमोदन. आणि साडीची पिन. आमच्या आत्याकडे पर्समध्ये कायम उघडी पिन असायची. एकदा तिचं तिलाच टोचलं, तो वेगळा किस्सा.

बे_एरियातला_बंड्या
इकडे ब्राझिलियन जिउजित्सू करतो, ब्लू बेल्ट. हा वाद 1993 मध्येच मिटला आहे. डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली, म्हणजे वेगवेगळ्या शैलीवाल्यांची एकमेकांशी स्पर्धा. वजनगट नाहीत, जवळपास नियम नाहीत. होइस ग्रेसी त्यातला किरकोळ अंगाचा. एका रात्रीत तीन जणांना पकडीत घेऊन हरवलं. पहिल्या कुस्तीला आर्ट जिमरसन हा बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून आला होता. खाली पडल्यावर ना ग्लोव्हवाला हात चालला, ना मोकळा. उताणा पाडला की बहुतेकांना काहीच सुचत नाही, हे त्या दिवशी जगाने बघितलं.

तांबडा_पांढरा
बंड्याभाऊ, 1910 ला लंडनात आपला गामा पैलवान पोलंडच्या झिबिस्कोवर जवळपास तीन तास बसून होता. उताणा पाडायची गोष्ट आम्हाला नका सांगू.

बे_एरियातला_बंड्या
हाहा, मान्य. झिबिस्को पोटावर पडून राहिला आणि कुस्ती सुटली नाही. जिउजित्सूत त्याच्या मागून गळा धरला असता. हाताला ज्या पिळाला आम्ही ‘किमुरा’ म्हणतो तोही ज्यूदोवाल्या किमुराने 1951 मध्ये ब्राझीलमध्ये एलिओ ग्रेसीला, म्हणजे होइसच्या वडिलांना, घातला होता. हरलेल्यांनी जिंकणाऱ्याचं नाव डावाला दिलं. बघा, आम्ही दिलदार लोक.

रात्रपाळी
कॅज्युअल्टीत काम करते. मारामारीच्या केसेस रोज येतात, विशेषतः शनिवारी रात्री आणि वरातीच्या दिवसांत. तीन गोष्टी पुन्हा पुन्हा बघते.
एक, ज्याने मारलं त्याचाच हात मोडलेला. उघड्या मुठीने कपाळावर मारलं की करंगळीखालचं हाड जातं. आमच्याकडे त्याला नावच बॉक्सर्स फ्रॅक्चर. गंमत म्हणजे येणारे बॉक्सर नसतात.
दुसरं, एकच ढकलणं. माणूस मागे पडतो, डोकं फुटपाथच्या कडेवर. ठोशाने होत नाही तेवढं त्या कडेने होतं. घरचे म्हणतात, ‘मॅडम, नुसता धक्का लागला हो.’
तिसरं चाकू. आलेल्या मुलाला विचारलं तर म्हणतो, चाकू दिसलाच नाही, वाटलं बुक्की मारली. शर्ट ओला लागला तेव्हा कळलं. जखमा तळहातावर आणि कोपराखाली, कारण हात आडवे घातलेले. तो रबरी सुऱ्याचा डेमो मी पण बघितलाय. खरा चाकूवाला एक वार करून हात लांब ठेवून उभा राहत नाही, तो शिवणयंत्रासारखा चालवतो. अंतर मिळालं की पळा. त्याला कुठलाही बेल्ट लागत नाही.

चहाटळ
पॉपकॉर्न खाली ठेवले.

पडवी
रात्रपाळी, अंगावर काटा आला. वॉचमनकाकांना वाचून दाखवते. ते म्हणतच होते, ‘मॅडम, मी हळू मारला म्हणून त्यांनी पकडला.’

आडवा_डाव
तायक्वांदोवर सगळे तुटून पडणार म्हणून लिहितो. मुलगा राज्य स्तरावर खेळतो. खेळाच्या नियमांनी सवयी लागतात हे खरं आहे. डोक्यावर ठोसा मारायचा नाही, धडावरच्या ठोशाला एक गुण, धडावरच्या लाथेला दोन आणि डोक्यावरच्या लाथेला तीन. मग मुलं हात खाली सोडून नाचतात. पण पायाची झेप आणि अंतराचा अंदाज दुसऱ्या कशाने येत नाही हो. त्याला शाळेच्या बसमध्ये दोघांनी धरलं तेव्हा त्याने लाथ मारलीच नाही. नुसता सरकत राहिला. दोघे दमले आणि बसला कंटाळून खाली उतरले.

चहाटळ
बस कंटाळली का मुलं? (ह.घ्या.)

आडवा_डाव
मुलं हो. फोनवरून लिहितोय.

सुपारी_कातरणारा
कुठली शैली भारी हा प्रश्नच मला पटत नाही. मी पाहिलेले कराटे क्लास दोन जातीचे. एकात वर्षभर रांगेत उभं राहून हवेत काता (ठरलेल्या हालचाली), दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा आणि परीक्षेची फी. दुसरा क्योकुशिनवाला. मसुतात्सु ओयामांची शाखा, तिथे पोटावर, मांडीवर पूर्ण ताकदीने मारतात, फक्त डोक्यावर मूठ चालत नाही. नाव दोन्हीकडे कराटेच. दुसऱ्याच्या मांड्या बघा, काळ्यानिळ्या. क्लास निवडताना शैली विचारू नका. मुलं एकमेकांशी कितीदा झटतात आणि समोरचा खरंच विरोध करतो का, ते दारात उभं राहून बघा.

उकेमी
+१. आणि कुणी रडलं तर सर काय करतात तेही बघा.

कलमबहाद्दर
वकील आहे, म्हणून जरा कोरडं. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे, तिच्यात कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. बचावापुरतं जेवढं लागेल तेवढंच. पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हक्क नाही. समोरचा पळाल्यावर पाठलाग करून मारलं तर तो बचाव राहत नाही, तुम्ही आरोपी. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण सुरुवातीला बरोबर असतात आणि शेवटच्या दोन लाथांनी अडकतात. मग त्या दोन लाथांचाच व्हिडिओ निघतो.

साडेसातची_लोकल
वकीलसाहेब, एक विचारू का? शेजारी आमच्या पार्किंगमध्ये गाडी लावतो...

कलमबहाद्दर
त्याला क्राव मागा लावा.

शेंगदाणा_कूट
कुस्तीवर कुणी खाशाबा जाधवांचं लिहिलं नाही अजून? कराडजवळचं गोळेश्वर. 1948 ला लंडनमध्ये मातीवरचा पैलवान मॅटवर उतरला आणि सहावा आला. 1952 ला हेलसिंकीला ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. तिकडे जायच्या पैशासाठी राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी घर गहाण टाकलं होतं. पुढे ते पोलिसात फौजदार झाले. त्यांच्या तावडीत सापडलेल्या चोरांचे अनुभव वाचायला मला आवडले असते.

तांबडा_पांढरा
वा! त्या चोरांनी धागा काढावा.
पण खरं सांगू का, दोघे आले तर कुस्ती पण नको. एकाला धरून बसलात की दुसरा डोक्यात घालणार. आमचे वस्ताद सांगायचे, एकाला दुसऱ्याच्या अंगावर ढकल आणि घराकडं सूट. खुराक खाऊन पळायला पण शीक म्हणायचे. पळण्यात कच्चा असला की रोज सकाळी माळावर हाकायचे.

बे_एरियातला_बंड्या
याला मात्र अनुमोदन. जमिनीवर पाठ टेकून खेळायचं ते मॅटवर, पार्किंगमध्ये काचांवर नाही.

लिंबाचा_पार
मी मर्दानी खेळ शिकले, कोल्हापुरात. लाठी, दांडपट्टा. सगळे म्हणायचे आता तलवार कोण आणतंय. पण लांब दांड्याची छत्री घेऊन चालले की गल्लीतली कुत्रीसुद्धा अंतर ठेवतात. लाठीत आधी पाय शिकवतात, मग मनगट. ते फिरवणं प्रात्यक्षिकात छान दिसतं. रस्त्यावर फिरवायचं नसतं, टोक पुढे करून भोसकल्यासारखं ढकलायचं आणि बाजूला व्हायचं. हल्लीच्या तीन घडीच्या छत्रीने काही होत नाही, पहिल्या झटक्यातच उलटते.

कोकमसार
लांब दांड्याची छत्री हल्ली मिळते कुठे? आमच्याकडे बाबांची होती, लाकडी मूठ, ती मोडली.

लिंबाचा_पार
जुन्या बाजारपेठेत छत्री दुरुस्त करणारे बसतात ना, त्यांच्याकडे विचारा. पावसाळ्याआधी जा.

पडवी
लेकीने धागा वाचला. तिला ज्यूदो हवाय म्हणे, कारण ‘पडायला शिकवतात आणि उकेमी मावशी कूल आहेत’. ठाण्यात संध्याकाळची बॅच कुणाला माहीत असेल तर सांगा. आणि बॉक्सिंग पण हवंय तिला, निदान घरी बॅग टांगून. बॅग रिकामी मिळतेय, आत काय भरायचं? वाळू?

आडवा_डाव
वाळू नको! खाली बसून दगड होते, मनगट जाईल. जुने कपडे कापून, घट्ट दाबत भरा. बटणं, चेन, हुक आधी काढा. आणि हाताला पट्टी बांधल्याशिवाय मारू देऊ नका.

साडेसातची_लोकल
किती कपडे लागतात? आमच्याकडे नवऱ्याच्या जुन्या जीन्सचा डोंगर आहे.

आडवा_डाव
एक डोंगर पुरेल. टी-शर्ट जास्त घ्या, जीन्स कडक होतात.

चहाटळ
नवऱ्याला विचारलंत का?

साडेसातची_लोकल
कुकरची शिट्टी झाली, येते.