शब्दचर्चा : 'वणवा' या एका शब्दात उत्तरेकडची आग मावते का?

ऋतुचक्र
अलास्का आणि कॅनडातल्या सूचिपर्णी जंगलांवरच्या लेखासाठी शब्द हवे आहेत. क्राउन फायर, सरफेस फायर, ग्राउंड फायर या तिन्हींना 'वणवा'च म्हणायचं का? 'सेरोटिनस' शंकूंना काय म्हणावं? 'झोंबी फायर' आणि 'रीजनरेशन फेल्युअर'लाही शब्द सुचवा. मसुद्यातलं वाक्य असं आहे : 'वणव्यानंतर सदाहरित जंगल पुन्हा उभं राहतं, पण हवामानबदलामुळे ते आता नष्ट होत आहे.'

पाचोळा
एकच शब्द वापरलात तर लेखाचा मुद्दाच हरवेल. आपल्याकडे वणवा म्हटलं की फेब्रुवारी ते मेमध्ये वाळलं गवत आणि सागाची पानं जाळत सरकणारी आग डोळ्यांपुढे येते. रोपं जातात, मोठी झाडं बहुधा वाचतात. काळा स्प्रूस या उत्तरेकडच्या सूचिपर्णी झाडाच्या जंगलात तसं होत नाही. त्याच्या फांद्या जवळजवळ जमिनीपर्यंत आलेल्या असतात, त्यामुळे आग त्यांवरून थेट शेंड्यात चढते आणि उभी झाडं मरतात.

'पृष्ठवणवा' आणि 'भूवणवा' ही पुस्तकी जोडी टाळा. 'जमिनीवरची' आणि 'जमिनीतली' यांतही वाचक फसतो. सरफेसला पाचोळ्याची आग, क्राउनला शेंड्यांची आग आणि ग्राउंडला थरातली धुमसती आग, असं लिहा. 'वणवा' घटनेचं सामान्य नाव म्हणून राहू द्या.

खनिजमाती
सहमत. त्यातही 'थरातली'वर जोर द्या, कारण पुढे कुठलं जंगल येणार ते तिथे ठरतं.

थर म्हणजे शेवाळ आणि त्याखालचा अर्धवट कुजलेला पाला. थंडीमुळे कुजणं मंद, म्हणून काळ्या स्प्रूसखाली तो 20-30 सेंमी जाड होऊ शकतो. वरवरची आग लागली तर जळका थर मागे उरतो. तो लवकर सुकतो, त्यामुळे ॲस्पेन या रुंद पानांच्या झाडाचं बारीकसं बी त्यावर तग धरत नाही. स्प्रूसचं बी मोठं, ते कसंबसं रुजतं. पण कोरड्या वर्षी आग थराखालच्या खनिज मातीपर्यंत उतरली, की ॲस्पेन आणि तसाच रुंद पानांचा बर्च भराभर उगवतात आणि स्प्रूसच्या रोपांना मागे टाकतात. म्हणजे झाडं तीच, वणवाही तसाच, फक्त खोली वेगळी.

ही खोली आधी ओळखण्यासाठी कॅनडाच्या आग-हवामान निर्देशांकात ओलाव्याचे तीन आकडे असतात; आकडा जितका मोठा, तितकी कोरड जास्त. पहिला वरच्या सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा, तो दिवसाच्या आत बदलतो. दुसरा सुमारे 7 सेंमीपर्यंतचा, त्याला साधारण दोन आठवडे लागतात. तिसरा, ड्रॉट कोड, सुमारे 18 सेंमी खोलीचा आणि त्याला पन्नासेक दिवस. त्यामुळे एका सरीने वरचा आकडा उतरतो, खालचा थर मात्र कोरडाच राहतो. आणखी एक चूक होते ती वसंतात. ड्रॉट कोडची सुरुवात सरसकट 15 पासून केली आणि आधीच्या शरदातली कोरड अन् हिवाळ्यातला अपुरा बर्फ हिशेबात घेतला नाही, तर धोका कमी दिसतो.

राळ
सेरोटिनससाठी 'राळबंद शंकू' सुचवतो. 'उशिरा उघडणारे' म्हटलं तर कारण गळून पडतं. जॅक पाइन आणि लॉजपोल पाइनचे खवले राळेने चिकटलेले असतात. सुमारे 50 अंश सेल्सिअसच्या आसपास ती मऊ होते आणि बी सुटतं. काळा स्प्रूस 'अर्ध-राळबंद' : थोडं बी दरवर्षी गळतं, बाकीचं शेंड्यातल्या गुच्छात साठतं आणि आगीनंतर काही वर्षांत पडतं. पण पांढऱ्या स्प्रूसला हा शब्द लावू नका. त्याच्याकडे असा साठा नसतो, जळिताच्या काठावर वाचलेल्या झाडांकडून वाऱ्यावर बी यावं लागतं.

पाचोळा
'राळबंद' आवडला. 'रीजनरेशन फेल्युअर'ला 'पुनर्जनन-अपयश' नको, फार सरकारी वाटतं. साधं 'रोपं न धरणं' म्हणा. मात्र दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. स्प्रूसच्या जागी ॲस्पेन आला तर तो 'जातिपालट'. झाडच आलं नाही आणि गवत-झुडपं राहिली, तर ते 'रोपं न धरणं'.

दुसऱ्या प्रकारात बहुतेकदा आगींमधलं अंतर आखडलेलं असतं. काळा स्प्रूस दहा-पंधरा वर्षांत शंकू धरू लागतो, पण बियांचा भरपूर साठा व्हायला अनेक दशकं जातात. एरवी दोन आगींत शंभरेक वर्षं मिळत. वीस वर्षांत दुसरी आग आली तर कोवळी झाडंही गेली आणि साठाही नाही.

शब्दवेल्हाळ
'झोंबी' मुळीच नको! मराठीत झोंबी म्हणजे झटापट, कुस्ती. 'हिवाळा काढलेली आग' लिहा. पीटमध्ये, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या थरात, बर्फाखाली धुमसत राहते आणि वसंतात पुन्हा डोकं काढते.

खनिजमाती
ओळखण्याची खूणही द्या : गेल्या वर्षीच्या जळिताच्या कडेला, विजांचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच उठलेली आग. मात्र माणसाने लावलेलीही याच काळात असते, म्हणून रस्ता-वस्ती जवळ असेल तर घाईने शिक्का मारू नये.

राळ
मसुद्यातले दोन शब्दही बदला. 'सदाहरित' का? पूर्व सायबेरियात मैलोन् मैल लार्च आहे, तो सूचिपर्णी असून दर शरदात सुया गाळतो. (आणि कोकणातला सुरू सुयांसारखा दिसतो, पण सूचिपर्णी नाही. त्या 'सुया' म्हणजे सांधेदार डहाळ्या.) 'नष्ट'ही सैल आहे. 2023 मध्ये कॅनडात दीड कोटी हेक्टरच्या आसपास जळालं, म्हणजे जवळपास अर्ध्या महाराष्ट्राइतकं. पण ते 'जळीत क्षेत्र', त्यात न जळलेले ठिपकेही येतात.

ऋतुचक्र
मग असं : 'शेंड्यांच्या आगीनंतर राळबंद शंकूंमुळे तेच सूचिपर्णी जंगल परतत असे. आता थर खोलवर जळतो किंवा आग लवकर परतते, तेव्हा कुठे जातिपालट होतो, तर कुठे रोपंच धरत नाहीत.'

पाचोळा
छान. फक्त काळ्या स्प्रूसबद्दल असेल तर 'अर्ध-राळबंद' करा.

शब्दवेल्हाळ
बर्च की भूर्ज?

राळ
भूर्ज चालेल, भूर्जपत्रांचा हिमालयी वृक्ष त्याच प्रजातीतला (बेट्युला) आहे, जात मात्र वेगळी. पण पहिल्या उल्लेखात 'अलास्कातला भूर्ज' लिहा, नाहीतर वाचक थेट हिमालयात पोचेल.