'द सँडमन'मधील डिलिरियम: वेडाचे लोभस चित्र की प्रामाणिक चित्र?

शाईरेघ (प्रश्न)

नमस्कार. नील गेमन यांनी लिहिलेली 'द सँडमन' ही डीसी कॉमिक्सची मालिका (१९८९ ते १९९६, ७५ अंक) मी नुकतीच सलग वाचून संपवली. तिच्यातील सात 'एंडलेस' भावंडांपैकी (स्वप्न, नियती, निराशा अशा गोष्टींची ही मूर्तरूपे) सर्वांत धाकटी डिलिरियम, म्हणजे मूर्तिमंत वेड, मनातून जायला तयार नाही. पण तिच्याविषयी थोडी अस्वस्थताही वाटते. विस्कटलेले रंगीत केस, एक डोळा हिरवा तर दुसरा निळा, मध्येच भरकटणारी वाक्ये, हे सारे इतके गोड आहे की ज्यांच्या घरात खरोखरचा मानसिक आजार आहे त्यांना ते वाचताना काय वाटत असेल, असा प्रश्न पडतो. ती पूर्वी डिलाइट, म्हणजे आनंद, होती असेही कथेत येते. मात्र तिचे असे का झाले, याचा उलगडा मला कोठेच सापडला नाही. लेखकाने वेडाला नुसते सजवले आहे, की त्याविषयी त्याला काही सांगायचे आहे? जाणकारांनी आपले मत अवश्य मांडावे.

चौकटीबाहेर

केवळ अक्षरांकडे पाहिले तरी बरेच हाती लागते. अक्षरलेखक टॉड क्लाइन यांनी ड्रीमच्या (म्हणजे स्वप्नाच्या, तिचा भाऊ आणि मालिकेचा नायक) संवादांना काळे फुगे आणि पांढरी अक्षरे दिली, तर डिलिरियमच्या फुग्यांची पार्श्वभूमी एका रंगातून दुसऱ्या रंगात वाहत जाते आणि तिची अक्षरे एकाच वाक्यात लहानमोठी होत, वरखाली हेलकावत राहतात. ती बोलताना वाचकालाही प्रत्येक शब्दाशी थोडे थांबावे लागते, आणि हे केवळ सजावटीसाठी केले असेल असे मला वाटत नाही.

उत्तररात्र

आपली शंका रास्त आहे, परंतु 'ब्रीफ लाइव्ह्ज' हा भाग (अंक ४१ ते ४९, चित्रे जिल थॉम्पसन यांची) पुन्हा एकदा सावकाश वाचावा, अशी विनंती आहे. घर सोडून गेलेल्या डिस्ट्रक्शन या भावाला शोधण्यासाठी ती ड्रीमला सोबत घेऊन निघते. त्या प्रवासात ती मोटार चालवत असताना एक पोलीस अधिकारी तिला अडवतो आणि ती त्याला अशी शिक्षा देते की अंगावर सतत किडे वळवळत असल्याचा भास आयुष्यभर त्याची पाठ सोडणार नाही. हा प्रसंग काही चौकटींतच आटोपतो आणि ती पुढे निघून जाते. आपण काय करून बसलो याचे ओझे तिच्या मनावर राहत नाही. तिला निव्वळ निरागस मानणाऱ्या वाचकाने हे पान नजरेआड करू नये, असे मला मनापासून वाटते.

त्याच कथेत पुढे, थोरला भाऊ डेस्टिनी (म्हणजे नियती) याच्या बागेत, ड्रीम पुरता कोसळतो. तेव्हा जिला सारे कुटुंब सांभाळून घेत आले, तीच धाकटी बहीण स्वतःला सावरून ताळ्यावर येते, त्याला उभे करते आणि पुढे नेते. पण असे भानावर राहण्याचा तिला त्रास होतो आणि ते फार काळ जमणार नाही, हेही ती सांगते. माझ्या दृष्टीने साऱ्या व्यक्तिरेखेचा गाभा येथे आहे. भानावर येणे हे तिच्यासाठी बरे होणे नाही. ते एक कष्टाचे काम आहे, जे ती भावाच्या प्रेमापोटी थोडा वेळ पत्करते.

अंक ३१ मधील नॉर्टनची कथाही येथे आठवते. सॅन फ्रान्सिस्कोत १८५९ मध्ये स्वतःला अमेरिकेचा सम्राट म्हणून घोषित करणारा आणि १८८० मध्ये मरेपर्यंत त्याच दिमाखात वावरणारा जोशुआ नॉर्टन हा खरा माणूस होता. कथेत डिलिरियम त्याच्यावर हक्क सांगू पाहते, पण त्याच्या वेडानेच त्याला शहाणे ठेवले आहे आणि म्हणून तो आपला नाही, असे तिला मान्य करावे लागते. वेडाच्या अधिष्ठात्रीनेच हे बोलावे, याहून नेमके काही सुचणे कठीण होते.

मधली पायरी

मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो. माझा धाकटा भाऊ दीर्घकाळ मानसिक आजाराने ग्रस्त आहे, त्यामुळे मी हे दुरून वाचलेले नाही. डिलिरियमचे वेड नेहमी शब्दांनी आणि रंगांनी ओसंडत असते. आमच्या घरातील आजार मात्र बहुतेक दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेला, गप्प असतो. ही गप्प बाजू मालिकेने डिस्पेअर (म्हणजे निराशा) या दुसऱ्या बहिणीकडे सोपवली आहे आणि ही वाटणी मला आजही खटकते, कारण एकाच माणसाच्या वाट्याला दोघी एकदम येतात. याच भावंडांवरच्या २००३ च्या 'एंडलेस नाइट्स' या पुस्तकात बिल सिन्केविच यांनी चितारलेली डिलिरियमची कथा मला अधिक खरी वाटली. तेथे ती स्वतःच्याच प्रदेशात खोल हरवते आणि मन आधीच विस्कटलेल्या माणसांना तिला आणण्यासाठी आत जावे लागते. त्या पानांवर कोणती चौकट आधी आणि कोणती नंतर, हेच धड कळत नाही. वाचताना दमछाक होते आणि ती व्हायलाच हवी.

शाईरेघ

आपल्या भावाविषयी इतक्या मोकळेपणाने लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. पोलिसाचा प्रसंग मी खरोखर भरभर वाचून पुढे गेलो होतो. डिलाइटचा प्रश्न मात्र उरतोच. कारण सांगितले असते तर व्यक्तिरेखा अधिक उमगली नसती का?

मधली पायरी

मला तसे वाटत नाही. आमच्याकडे येणारा प्रत्येक नातेवाईक विचारतो की हे नेमके कशामुळे झाले. कोणी परीक्षेचे नाव घेतो, कोणी संगतीचे, आणि त्यातले एकही कारण भावाला उपयोगी पडत नाही. 'एंडलेस नाइट्स'मध्ये ती डिलाइट असतानाची एक कथा आहे, पण तेथेही लेखकाने कारण दिलेले नाही, हे मला योग्य वाटते. शिवाय साऱ्या विश्वाचे भविष्य ज्याच्या ग्रंथात लिहिलेले आहे त्या डेस्टिनीला, त्याच्याच बागेत उभी राहून, तुझ्या पुस्तकात नसलेल्या गोष्टीही असतात असे ती बजावते. आपल्यात झालेला बदल ती अशाच गोष्टींत धरत असावी, असे मला वाटते.