मेरियोंच्या ‘ल स्ट्रीज’मधला मनोरा काय सांगतो? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर शार्ल मेरियों या फ्रेंच चित्रकाराच्या १८५३ च्या ‘ल स्ट्रीज’ या एचिंगवर (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेल्या चित्रावर) बोलायचं आहे, आणि एका जागी अडकलेय.

चित्र पोस्टकार्डापेक्षा थोडंच मोठं. नोत्र दाम या मोठ्या चर्चच्या कठड्यावर शिंगं-पंखवाला दगडी राक्षस हनुवटी हातांवर टेकून, जीभ बाहेर काढून पॅरिसकडे बघतोय. भोवती काळे पक्षी. खाली दाटीवाटीची घरं आणि त्यांतून वर आलेला साँ-जाकचा मनोरा. एका छापाखाली मेरियोंने स्वतःच्या ओळी घातल्यात: हा राक्षस म्हणजे शहरावर टपलेली, कधीच न भागणारी वासना. तिथवर अर्थ सरळ आहे.

पण हा राक्षस मध्ययुगातला नाहीच! १८४५ नंतरच्या डागडुजीत व्हियोले-ल-द्युक या वास्तुकाराने तो नव्याने बसवला. म्हणजे चित्रात तोच सगळ्यात नवा. उलट मनोरा खरोखर जुना, सोळाव्या शतकातला. त्याचं चर्च फ्रेंच क्रांतीनंतर पाडलं गेलं, हा तेवढा उरला. त्यात १८५३ मध्येच ओस्मान पॅरिसचा प्रीफेक्ट (सरकारने नेमलेला मुख्य प्रशासक) झाला आणि पुढे त्याच्या शहर-फेररचनेत जुन्या वस्त्यांवर घाव पडले.

मग हा एकटा मनोरा हरवत्या शहराची खूण म्हणून वाचावा का? की पापी शहरासमोर उभी श्रद्धा म्हणून? मला पहिलं वाचन जास्त पटतं, पण मुलांवर माझं मत लादायचं नाही. मेरियोंची पत्रं किंवा या चित्राचे वेगवेगळे छाप कुणी नीट अभ्यासले असतील तर कृपया सांगा. ओळी नसलेल्या छापांत अर्थ बदलतो असं वाटतं का, तेही हवंय.